जामीनदार कुठून आणायचा?

‘झुंड’मध्ये कोर्टाचा एक प्रसंग आहे. अंकुश मसराम, वस्तीत ‘डॉन’ म्हणून ओळखला जाणारा पोरगा, हाणामारीच्या प्रकरणात अडकलाय. फुटबॉल खेळायला परदेशी जायचं तर पासपोर्ट हवा आणि पासपोर्टाच्या वाटेत पोलिसांचं रेकॉर्ड आडवं आलंय. मग विजय बोराडे, म्हणजे अमिताभ बच्चन, न्यायाधीशांसमोर उभे राहून या मुलांबद्दल बोलतात. थिएटरात माझ्या शेजारच्या बाई डोळे पुसत होत्या. माझे डोळेही कोरडे नव्हते. पण मी गडचिरोलीत फौजदारी वकिली करते, आणि मला त्या पिंजऱ्याशेजारी जामीनदार उभा दिसत होता.

सांगायचं आहे ते एवढंच. गुन्हा, गरिबी आणि प्रतिष्ठा यांवरचे आपले बहुतेक सिनेमे गरीब आरोपीला पडद्यावर आणतात खरे, पण त्याला एकट्याला बोलू देत नाहीत. त्याच्या बाजूला एक बरा माणूस आणून उभा करतात. घरदार, नोकरी, स्वच्छ भाषा, इस्त्रीचे कपडे असलेला तो माणूस ‘मी याला ओळखतो, पोरगा वाईट नाही’ असं म्हणाला, की मग प्रेक्षक त्या पोराला आपल्या मनात घ्यायला तयार होतो. आमच्या कोर्टात हेच रोज कागदावर चालतं.

ते कसं चालतं, हे आधी सांगते, कारण जामीन म्हणजे काय हे पुष्कळांना सिनेमातूनच माहीत असतं. सिनेमात वकील कागद घेऊन येतो आणि कोठडीचं दार उघडतं. खरं तर जामीन मंजूर होणं हे अर्धंच काम. हुकमात लिहिलेलं असतं : पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार. जातमुचलक्यावर आरोपी स्वतः सही करतो किंवा अंगठा लावतो. अडतं ते जामीनदाराशी. त्याचा सातबारा, आठ-अ, आधार, रेशनकार्ड, ग्रामपंचायतीच्या घरटॅक्सची पावती, फोटो, शपथपत्र, आणि कधी कधी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला लागतो. एवढं सगळं घेऊन, एका दिवसाची मजुरी बुडवून, एसटीच्या तिकिटाचे पैसे घालून तो माणूस कोर्टात यायला हवा. भामरागड ते गडचिरोली हे अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाटच बंद होते.

मी विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर आहे, त्यामुळे फी देऊ न शकणाऱ्यांची प्रकरणं माझ्याकडे येतात. दक्षिणेकडच्या एका तालुक्यातल्या तरुणाला जामीन मंजूर झाला, पण जामीनदार मिळेना. शेवटी त्याचा बाप आला. त्याला माडियाच येत होती, मराठी बोलायला पुतण्या सोबत होता. बापाने पिशवीतून प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेला वनहक्काचा पट्टा काढून माझ्या टेबलावर ठेवला. त्याच्या आयुष्यातला तो सर्वांत मोलाचा कागद होता. वनहक्क कायदा २००६चा. त्याखाली मिळालेली जमीन वारसाला जाते, पण ती विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. मग जामिनासाठी ती ऐपत म्हणून धरायची की नाही, असा प्रश्न निघतो, आणि त्या दिवशी तो निघाला. पुतण्याने मला विचारलं, “मॅडम, हे जमीन सरकारनंच देल्ली जी, मंग सरकारलेच कशी नाई चालत?” मला उत्तर देता आलं नाही. अट शिथिल करण्याचा अर्ज केला, पोरगा पुढे जातमुचलक्यावर सुटला. पण जामीन मंजूर होऊनही मधले कित्येक दिवस तो आत राहिला, ते केवळ त्याला ओळखणाऱ्यांपैकी कुणाकडेच चालण्याजोगा कागद नव्हता म्हणून.

हे दुखणं आजचं नाही. १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. मध्य प्रदेशातल्या मॅजिस्ट्रेटने त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ जामीन राहायला आला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात जे लिहिलं, ते आम्ही आजही अर्जांत टाकतो. गरिबाकडून त्याला न झेपणारा जामीन मागणं म्हणजे त्याला जामीन नाकारणंच, हा त्यातला गाभा. जानेवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं, की जामीन मंजूर होऊन महिनाभरात बंधपत्र भरलं गेलं नाही तर अटी सैल करण्याचा विचार न्यायालयाने आपणहून करावा. कायदा हळूहळू शहाणा होतोय. सिनेमाने त्याच्या पुढे असायला हवं होतं.

‘झुंड’ मला फार जवळचा आहे, म्हणूनच त्याबद्दल अधिक बोलते. गोष्ट नागपूरच्या गड्डीगोदामची, आणि तिला आधार आहे हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कामाचा. वस्तीतली पोरं पावसात तुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांनी पाहिली आणि त्यांच्या हाती खरा फुटबॉल दिला. नागराज मंजुळे यांनी त्या पोरांच्या भूमिकांसाठी नागपुरातल्याच वस्त्यांमधली पोरं घेतली. डॉन केला अंकुश गेडाम याने. पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कारही त्याला मिळाला. गेडाम, मसराम ही आडनावं आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत गल्लोगल्ली सापडतात. हिंदी पडद्यावर एवढ्या मोठ्या सिनेमाच्या नायकाचं आडनाव मसराम ऐकलं, तेव्हा माझ्या ओळखीतली कितीतरी माणसं हरखून गेली होती.

सिनेमाच्या शेवटाकडे डॉन विमानतळाच्या तपासणीतून जातो आणि यंत्र पुन्हा पुन्हा वाजतं. त्याच्याजवळ ब्लेड आहे. ते तो टाकून देतो, तेव्हा कुठे पुढे जाऊ देतात. आणखी एक धागा मला सगळ्यांत खरा वाटतो. रिंकू राजगुरूने केलेली आदिवासी मुलगी खेळात पटाईत आहे, पण पासपोर्टासाठी आपली ओळख सिद्ध करणारा कागद तिच्याकडे नाही. बापासोबत ती कचेऱ्यांचे उंबरठे झिजवते. तिने गुन्हा केलेला नाही, तरी ती कुणाच्या लेखी नाहीच. आमच्याकडे अनुसूचित जमातीच्या मुलाला जात पडताळणीसाठी १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. ज्या आजोबाने कधी शाळेचं तोंड पाहिलं नाही आणि ज्याची जमीन कधी कुणी मोजली नाही, त्याचा कागद नातवाने कुठून आणायचा? तो प्रसंग पाहताना गडचिरोलीच्या माणसाला काही समजावून सांगावं लागत नाही.

एवढं असूनही त्या सिनेमाचं ओझं बच्चनसाहेबांच्या खांद्यावर आहे. पोरं बोलतात, नाचतात, खेळतात, भांडतात; पण न्यायाधीशांपुढे आणि कॉलेजच्या संचालकांपुढे त्यांच्या वतीने बोराडेच बोलतात. मंजुळ्यांना हे कळत नसेल असं मी म्हणणार नाही, कारण याच माणसाने आधी ‘फँड्री’ केला होता. त्या सिनेमाकडे मी पुढे येते.

आमच्याच जिल्ह्यातल्या हेमलकशावरचा ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे : द रिअल हीरो’ २०१४ साली आला. दिग्दर्शन समृद्धी पोरे यांचं, त्या मूळच्या वकील. नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी यांनी मन लावून काम केलंय. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प २३ डिसेंबर १९७३ला सुरू झाला, तेव्हा तिथे रस्ता नव्हता, वीज नव्हती. त्या कामापुढे मी नतमस्तक आहे, त्यात दुमत नको. पण सिनेमात माडिया माणूस बहुतेक वेळा कसा येतो? जखमी, घाबरलेला, उपाशी. तो बरा होऊन निघून जातो आणि कॅमेरा डॉक्टरांपाशीच थांबतो. माडिया समाजातले पहिले वकील लालसू नोगोटी भामरागडकडून जिल्हा परिषदेवर निवडून आले. ग्रामसभांची बाजू आपल्या भाषेत आणि कायद्याच्याही भाषेत मांडणारा हा माणूस. त्या प्रवासावर सिनेमा करावा असं अजून कुणाला वाटलेलं नाही. त्यात जामीनदाराची जागाच नाही, आणि जामीनदाराशिवाय गोष्ट कशी सांगायची याची सवय आपल्याला नाही.

त्याआधीचा गगनविहारी बोराटे यांचा ‘लाल सलाम’ (२००२) थोडक्यात उरकते. नंदिता दास त्यात होत्या. आदिवासी कुटुंबावरच्या अत्याचारातून बंदुकीकडे जाणारी वाट त्याने दाखवली, पण पडद्यावरचा आदिवासी एकतर सोसतो नाहीतर मारतो, तिसरं काही त्याच्या वाट्याला येत नाही, हा साचाही त्याने पक्का केला. अमित मसुरकर यांचा ‘न्यूटन’ (२०१७) जास्त शहाणा. गोष्ट सीमेपलीकडच्या छत्तीसगडातली, पण रान तेच आणि भाषा गोंडीच. परदेशी पत्रकार येणार म्हटल्यावर सुरक्षा दलाचे लोक गावकऱ्यांना पकडून मतदानाच्या रांगेत उभे करतात. उमेदवार कोण हेही त्या माणसांना ठाऊक नाही. अंजली पाटीलने केलेली माल्को ही स्थानिक शिक्षिका त्यांची भाषा जाणते. त्या खोलीत दोन्ही बाजूंचं कळणारी तीच एकटी, आणि संवाद तिलाच सगळ्यांत कमी. आमच्या कोर्टात गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या साक्षीदाराची जबानी मराठीत उतरते, तेव्हा मला माल्को आठवते. दुभाष्याने एक वाक्य गाळलं, तर ते गाळलेलं वाक्य कुठल्याच कागदावर राहत नाही.

‘कोर्ट’ (२०१४) मात्र प्रत्येक नव्या वकिलाने पाहावा असं मी सांगते. चैतन्य ताम्हाणे यांच्या या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप असा, की त्यांचं गाणं ऐकून वासुदेव पवार या गटार-कामगाराने आत्महत्या केली. कांबळे केले ते नागपूरच्या वीरा साथीदार यांनी. ते स्वतः चळवळीत आयुष्य घालवलेले. १३ एप्रिल २०२१ला कोरोनाने त्यांना नेलं. त्यांचा कांबळे कुणाकडे दयेची याचना करत नाही. सुटला की पुन्हा गातो आणि पुन्हा पकडला जातो. त्याच्या बाजूने उभा असलेला वकील विनय व्होरा सुखवस्तू, इंग्रजी बोलणारा, मनाने चांगला, पण त्याचं चांगुलपण खटल्याला फारसं पुढे नेऊ शकत नाही. जामीनदार आहे, तरी तो पुरत नाही, हे इतक्या सरळपणे दुसऱ्या कुणी दाखवलेलं मी पाहिलं नाही.

त्यातल्या दोन गोष्टी मी विसरू शकत नाही. पहिली म्हणजे मेलेल्या कामगाराच्या बायकोची साक्ष. नवरा गटारात उतरण्याआधी आत खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजून उतरायचा, आणि वास सोसवत नाही म्हणून आधी दारू प्यायचा. ती हे भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगते. तिच्या तोंडी दुःखाचं भाषण नाही, म्हणूनच तिचं खरं वाटतं. माझ्या अशिलांमधल्या बायकाही अशाच बोलतात. रडणारा गरीब हा सिनेमाचा शोध आहे, साक्षीच्या पिंजऱ्यातला गरीब प्रश्नाला उत्तर देतो. दुसरी गोष्ट, बिनबाह्यांचा कपडा घालून आलेल्या एका बाईचं प्रकरण न्यायाधीश ऐकतच नाहीत, पुढची तारीख देतात. गुन्हा काय, पुरावा काय, हे दूरच राहिलं, तुम्ही सभ्य दिसता का हे आधी पाहिलं गेलं. आमच्याकडे येणारे आरोपी तारखेला आपला सर्वांत चांगला सदरा घालून येतात. काही जण तो शेजाऱ्याकडून मागून आणतात. त्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

आता ‘फँड्री’. जब्या कैकाडी समाजातला, बाप गावातली डुकरं पकडतो. डुकराच्या मागे धावताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. डुक्कर निसटून जातं. शेवटी जब्या दगड उचलून भिरकावतो, तो थेट आपल्या अंगावर येतो. या पोरासाठी रदबदली करायला कुणी भला शिक्षक येत नाही, कुणी साहेब येत नाही. म्हणून मला हा सिनेमा ‘झुंड’पेक्षा मोठा वाटतो.

कैकाड्यांची नोंद इंग्रजांनी गुन्हेगार जमातींमध्ये केली होती. तो कायदा १८७१चा, रद्द झाला १९५२ साली ऑगस्टअखेर. मूल जन्मालाच आलं गुन्हेगार म्हणून, पोलीस पाटलाकडे हजेरी लावत वाढलं, अशा पिढ्या त्याने घडवल्या. आमच्या भागाशी या समाजाचं नातं आणखी विचित्र आहे. विदर्भातल्या जिल्ह्यांमध्ये कैकाडी अनुसूचित जातीत येतात, उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. आणि चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा तालुका यातून वगळलेला आहे, कारण राजुरा पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. वर्धा नदीच्या अलीकडचा भाऊ एका यादीत, पलीकडचा दुसऱ्या. दोघांची भाषा एक, धंदा एक, आणि गावात चोरी झाली की दोघांच्याही झोपडीची झडती पहिली.

गुन्हा म्हणजे काय हे कायद्याने ठरतं, आणि कायदा बदलला की कालचा गुन्हेगार आज मालक होतो, हे धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने सगळ्या देशाला दाखवलं. देवाजी तोफा आणि त्यांच्या ग्रामसभेने वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तरीही बांबू तोडला की तो नेण्याचा परवाना वनखात्याचाच लागायचा. परवान्याशिवाय नेला तर गुन्हा. २७ एप्रिल २०११ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी तिथे येऊन वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. बांबू तोच आणि कोयताही तोच होता. आता मात्र परवाना गावच देणार होतं. या गावाला कुणी जामीनदार लागला नाही, गाव स्वतःच स्वतःची हमी झालं. वर्षानुवर्षांच्या बैठका, एकमताशिवाय निर्णय न घेण्याचा हट्ट, रात्रीच्या चर्चा, नकार, पुन्हा अर्ज. यात नाट्य नाही असं कोण म्हणेल?

दारूचंही तसंच. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. वैनगंगेचा पूल ओलांडून व्याहाडला परवान्याच्या दुकानातून घेतलेली बाटली तिकडे रीतसर, इकडे आणली की गुन्हा. दारूबंदीसाठी इथल्या बायकांनी जो लढा दिला, त्यामागच्या मारझोडीच्या रात्री मला ठाऊक आहेत, त्या लढ्याच्या बाजूनेच मी आहे. पण कोर्टात दारूबंदीच्या प्रकरणांत पुढे उभी असते ती बहुधा मोहाच्या चार बाटल्या विकणारी विधवा. ज्याने तिच्याकडून ती घेतली, त्याचं नाव चार्जशीटमध्ये नसतं. संध्याकाळी तो गावातला प्रतिष्ठित गृहस्थ असतो. पडद्यावर दारू विकणारी बाई आली की ती खलनायिका असते किंवा नाच करणारी. घरी दोन लेकरं आणि तारखेला आत जाण्याची भीती असलेली बाई म्हणून तिला मी अजून पडद्यावर भेटले नाही.

झाडीपट्टीच्या नाटकांत मात्र ती भेटते. दिवाळीनंतर मंडईचे दिवस सुरू झाले की वडशाच्या कंपन्या गावोगाव निघतात. रात्री दहाला पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. मी ब्रह्मपुरीची, लहानपणापासून ही नाटकं पाहत आलेय. त्यांत भडकपणा असतो, अश्रूंचे पाट असतात, हे मान्य. पण दारुडा, चोर, सावकाराने नागवलेला कुळवाडी हे तिथे प्रेक्षकांच्याच बोलीत प्रेक्षकांशी बोलतात. समोर बसलेल्या चार हजार माणसांना त्या पात्राची ओळख करून द्यायला शहरातून साहेब यावा लागत नाही. झाडीपट्टीतले ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. हजारो प्रयोग केलेला हा माणूस कुरखेडा तालुक्यातला शेतकरी. त्रुशांत इंगळे यांनी २०२२ साली ‘झॉलीवूड’मधून ही रंगभूमी पडद्यावर आणली. असं आणखी व्हायला हवं.

गुन्हेगार कोण, हे काळही बदलतो. चंद्रपूरच्या कारागृहाच्या आवारात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इंग्रजांविरुद्ध लढलेल्या बाबुराव शेडमाके यांना फाशी दिलं गेलं. इंग्रजांच्या दप्तरात ते गुन्हेगार. आज त्या दिवशी लोक तिथे जमतात आणि त्यांना वीर म्हणतात. त्याच चंद्रपूरच्या कारागृहात आज कच्चे कैदी असतात, आणि जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी माणूस आत अडकतो, हे माझ्या धंद्यातल्या कुणालाही ठाऊक आहे.

सिनेमा लिहिणाऱ्या तरुणांना माझं सांगणं आहे : एखाद्या तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात आठवडाभर बसा. बोराडे सरांना एकदा घरी राहू द्या आणि डॉनला स्वतःचं म्हणणं स्वतः मांडू द्या. त्याची भाषा कच्ची असेल, तो खोटंही बोलेल, पण त्याचं बोलणं ऐकून घ्या.

आणि वाचकांना एक कामाची गोष्ट. कोठडीत असलेल्या प्रत्येकाला, तसंच स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्तींना, उत्पन्न कितीही असो, १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. जामिनाची रक्कम भरू न शकणाऱ्या गरीब कच्च्या कैद्यासाठी केंद्राची २०२३ची योजना आहे, तिच्यातून मदत मिळू शकते. तुमच्या गावातलं कुणी केवळ जामीनदार नाही म्हणून आत असेल, तर १५१०० या क्रमांकावर फोन करा. आणि तुमच्या नावावर सातबारा असेल, त्या माणसाला तुम्ही खरोखर ओळखत असाल, तर त्याच्या तारखेला कोर्टात या.